तीन कमानींचं बंबघर

वॉशिंग्टनहून निघालेली आगगाडी बोगद्यातून बाहेर पडते ती थेट पोटोमॅकवरच्या पुलावर. डाव्या हाताला शेनँडोआ येऊन मिळते आणि दोन नद्यांच्या बेचक्यात, डोंगराला बिलगून हार्पर्स फेरी दिसतं.

स्टेशनजवळच विटांची एक बैठी इमारत आहे. तीन कमानदार दरवाजे, छपरावर लाकडी घुमटी. इथल्या सरकारी शस्त्रकारखान्याचं हे बंबघर. 16 ऑक्टोबर 1859 च्या रात्री गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन मूठभर साथीदारांसह गावात घुसला. कारखान्यातल्या बंदुका गुलामांच्या हाती द्यायच्या, असा त्याचा बेत होता.

हा वेडेपणा एका रात्रीत सुचलेला नव्हता. 1820 मध्ये पश्चिमेच्या मुलखात 36 अंश 30 मिनिटांवर रेघ ओढली गेली. मिसुरी वगळता तिच्या उत्तरेला गुलामगिरी नाही, अशी तडजोड झाली. 1850 च्या कायद्याने पळालेले गुलाम धरून देण्याच्या कामी उत्तरेतल्या माणसांनाही जुंपलं. 1854 मध्ये ती रेघच पुसली. कॅन्ससच्या रहिवाशांनी मतं देऊन काय ते ठरवावं, असं ठरलं आणि मतांच्या जोडीला बंदुकाही आल्या. तिथेच ब्राउनच्या टोळीने गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना कापून काढलं. 1857 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्यांचं नागरिकत्वच नाकारलं. तडजोडीला जागा उरली नाही.

ब्राउनच्या लोकांत डेंजरफील्ड न्यूबी होता. तो स्वतः मुक्त. बायको हॅरिएट आणि मुलं मात्र व्हर्जिनियात मालकाच्या ताब्यात. तो गोळी लागून पडला, तेव्हा तिची पत्रं त्याच्याजवळ सापडली. मालक विकून टाकेल, त्याआधी सोडव, अशी तिची विनवणी होती.

ब्राउन बंबघरात कोंडला गेला. 18 तारखेच्या सकाळी रॉबर्ट ली यांच्या हुकमतीखालच्या सैनिकांनी बंबघराचं दार फोडलं. 2 डिसेंबरला ब्राउन फासावर गेला. उत्तरेत त्याच्यासाठी घंटा वाजल्या, दक्षिणेत गावोगावी पथकं कवायत करू लागली. वर्षभराने लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, साउथ कॅरोलायना देशातून फुटून निघालं आणि एप्रिल 1861 मध्ये फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या जाऊन यादवी युद्ध पेटलं.

ब्राउनच्या छाप्यातला पहिला बळी हेवर्ड शेफर्ड, रेल्वेचा हमाल, स्वतः मुक्त काळा माणूस. 1931 मध्ये दक्षिणेच्या अभिमान्यांनी त्याच्या नावाची शिळा उभारून 'इमानी' काळ्यांचे गोडवे गायले. उत्तरादाखल काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत ड्यू बॉइस यांनी ब्राउनच्या गौरवाचा फलकासाठी मजकूर लिहिला. पण तो फलक त्या वेळी इथल्या कॉलेजने लावू दिला नाही. तो लागायला 2006 उजाडलं. तोफा 1865 मध्ये थांबल्या. वाद अजून दगडांवर कोरलेला आहे.