फ्रीजमधली गांधीलमाशी

मैत्रिणींनो, तांदळाचा डबा उघडावा आणि दाण्याला दाणा चिकटून जाळी झालेली दिसावी, हा प्रसंग कुणावर आला नाही? करडा पतंग भुर्रकन उडतो आणि आपण कपाळाला हात लावतो. याच नतद्रष्ट पतंगाला प्रयोगशाळेत ज्वारी-बाजरीचा भरडा घालून मुद्दाम पोसतात, बरं का! त्याची अंडी डिंक लावलेल्या कार्डावर पसरतात. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी!

माझं सासर लातूरचं, माहेर नांदेडकडचं, कापसाचं. माहेरी फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी असलं एक कार्ड दिसलं. "वन्सं, हात लावू नका हं, गांधीलमाश्या आहेत त्यात," वहिनी म्हणाली. मी दोन पावलं मागेच सरले!

भिण्याचं कारण नाही. ट्रायकोग्रामा नावाची ही माशी जेमतेम अर्धा मिलिमीटरची. माणसाला डंख करत नाही. पंखांवर केसांच्या ओळी, म्हणून हे ग्रीक नाव. तिच्या साऱ्या घराण्याचा धंदा एकच, दुसऱ्या किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालायचं. मग त्या अंड्यातून अळी निघतच नाही. अंडं काळं पडतं आणि आठ-दहा दिवसांनी बाहेर येते नवी माशी. घरात शिरून घरधन्यालाच संपवायचं, ऐकायला वाईटच!

पण गुलाबी बोंडअळी आठवा. २००२ साली बीटी कापूस आला, वाटलं कटकट मिटली. २०१७ साली तिने उभं पीक खाल्लं. ती अंड्यातून निघते ती तडक बोंडात. मग वरून कितीही फवारा. आणि फवारणारा कोण? आपलाच भाऊ, दीर, नाहीतर सालगडी. त्याच वर्षी यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून भाऊ पंप पाठीला लावून निघाला की वहिनी दारापर्यंत जाते, तोंडाला फडकं बांधलंय ना, बघते.

कार्ड म्हणजे जादू नव्हे. अळ्या दिसू लागल्यावर ते लावून उपयोग नाही, पतंग फिरू लागले की लावायचं. पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या. आसपासचे काही दिवस विषारी फवारा नको, नाहीतर ह्याच आधी मरतील. आमच्या लातूरकडे उसाच्या खोडकिडीवरही ही चालते. लगेच लावणं जमलं नाही तर कार्ड थोडे दिवस फ्रीजमध्ये राहतं. बर्फाच्या कप्प्यापासून मात्र लांब ठेवा.