चौदा सेंटिमीटर

2017 च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूत एका रात्री धो धो पाऊस झाला आणि जयनगरच्या आमच्या गल्लीत झाडाची भली मोठी फांदी केबलच्या तारेवर कोसळली. टीव्ही बंद. ‘उद्या होईल’ हे उत्तर रोज मिळत होतं. माझं टीव्हीवाचून काही अडत नव्हतं. पण नाना तेव्हा ऐंशीचे. आई गेल्यावर पुण्याचं घर बंद करून माझ्याकडे आलेले. कन्नड येत नाही, गुडघ्यांमुळे जिना उतरणं नाही. बातम्यांच्या वेळांवर त्यांचा दिवस बेतलेला असायचा. संध्याकाळी सात वाजता ते काळ्या पडद्यासमोर येऊन बसले, तेव्हा मला बघवेना.

फेब्रुवारी 2016 मध्ये दूरदर्शनने सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं, त्यात बेंगळुरू होतं. म्हणजे जे. सी. नगरच्या टीव्ही टॉवरवरून निघालेल्या लहरी आमच्या दिवाणखान्यातून रोज जात होत्या, पैसे न मागता. आमच्या टीव्हीत त्या पकडण्याची सोयही होती. फक्त अँटेना नव्हती.

“नाना, घरीच करू या का?”

त्यांनी चष्मा पुसला. “फ्रिक्वेन्सी किती?”

चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेला माणूस. साधारण 500 मेगाहर्ट्‌झ म्हटल्यावर वर्तमानपत्राच्या समासात हिशेब सुरू झाला. तीनशेला पाचशेने भागलं की लहरीची लांबी 60 सेंटिमीटर. अँटेना तिच्या निम्मी, म्हणजे 30. तारेत लहर किंचित आखूड होते, म्हणून पाच टक्के वजा. उरले साडेअठ्ठावीस. मधली फट सोडली तर दोन्ही हात चौदा-चौदा सेंटिमीटरचे. आकड्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

आमच्या पुण्याच्या छपरावरची अँटेना माणसाएवढी लांब होती, कारण तेव्हाच्या लहरी लांब होत्या. 1973 साली सिंहगडावरून प्रक्षेपण सुरू झालं आणि पुढे हळूहळू पुण्यातली सगळी छपरं गडाकडे तोंड करून उभी राहिली. वादळ झालं की नाना वर चढायचे आणि मी खिडकीतून ओरडायची, “मुंग्या आल्या! आता दोन दोन माणसं दिसतायत! थांबा, थांबा, आलं!”

सामान फारसं लागलं नाही. घराच्या वायरिंगमधून उरलेली जाड तांब्याची तार होतीच. तीवरचं प्लॅस्टिक सोलून दोन तुकडे केले आणि माझ्या मुलाच्या लाकडी फूटपट्टीवर एका रेषेत बसवले. एस. पी. रोडवरून पाच मीटर केबल आणि टीव्हीची पिन आणली, एकशेदहा रुपयांत. केबलच्या गाभ्याची तार एका तुकड्याला, बाहेरची जाळी दुसऱ्याला. सोल्डर मी केलं, कारण नानांचा हात थरथरतो. त्यांनी पट्टी घट्ट धरून ठेवली.

टीव्ही लावला, वाहिन्या शोधायला सांगितलं. शून्य. उत्तरेच्या खिडकीपाशी नेलं, लोखंडी ग्रिलपासून लांब धरलं, फिरवलं. शून्य. इथेच मी रडकुंडीला आले. जुन्या टीव्हीत सिग्नल कमी पडला तर चित्र मळकं यायचं, पण यायचं. मुंग्या कमी झाल्या की आपण बरोबर दिशेला फिरवतोय हे कळायचं. डिजिटलमध्ये चित्र एक तर स्वच्छ येतं, नाही तर येतच नाही. मधल्या पट्ट्यात क्षणभर चौकोन-चौकोन दिसतात तेवढेच. चूक दिशेची की जोडणीची, हे सांगणारं पडद्यावर काहीच नव्हतं.

नानांनी पट्टी मागून घेतली, दिव्याखाली धरली आणि पेपर वाचायच्या भिंगातून बराच वेळ बघत राहिले. “अगं, हे बघ.”

जाळीतली एक तार, केसापेक्षा जाड नसेल, सोल्डरच्या थेंबाखालून निसटून गाभ्याला चिकटली होती. भिंगाखाली ती सोनेरी दिसत होती. दोन हात एकमेकांपासून वेगळे असायला हवेत, ते त्या एका केसाने जोडले होते. मी ब्लेडच्या टोकाने तो उचलला, कापला. मग पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद पुठ्ठ्यावर चिकटवून पट्टीच्या मागे, खोलीच्या बाजूला, वीतभर अंतरावर उभा केला. टॉवरकडून येऊन पुढे निसटणारी लहर परत वळावी म्हणून.

पुन्हा शोध लावला. या वेळी पट्टी माझ्या हातात होती आणि नाना खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होते.

“थोडी डावीकडे... अजून... थांब, थांब! आलं!”

पाच वाहिन्या मिळाल्या. पहिली लागली ती डीडी भारती, शास्त्रीय गायनाची जुनी मैफल चालू होती. इतकं लख्ख चित्र होतं की तानपुऱ्यावरचं नक्षीकाम दिसत होतं. नानांना बातम्या हव्या होत्या, पण ख्याल संपेपर्यंत त्यांनी रिमोटला हात लावला नाही. मग त्यांनी काठी टेकत उठून, पट्टी जिथे लागली तिथे खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण केली.

चौथ्या दिवशी केबल जोडली गेली. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. औरंगाबादला आत्याच्या घरी फोन लावला होता. सोळा शहरांत तेही होतं.

“लिहून घे,” ते भाच्याला सांगत होते, “चौदा सेंटिमीटर. दोन्ही सारखे. आणि जाळीचा एकही केस आत राहू देऊ नकोस. भिंग आहे ना घरात?”