आवाज बसतो म्हणजे नेमकं काय होतं?

दिवाळीनंतरच्या आठवड्यात वाकोल्याच्या माझ्या दवाखान्यात आवाज बसलेले पेशंट हमखास येतात. फटाक्यांचा धूर असतो, घर भरलेलं असतं, बोलणंही जास्त होतं. २०२४ मध्ये त्यात माझा एक मित्रही होता. त्याला निमित्त एजाज पटेल!

३ नोव्हेंबर, भाऊबीजेचा रविवार. आम्ही चौघे सांताक्रूझहून लोकलने वानखेडेला गेलो. भारताला जिंकायला १४७ हव्या होत्या आणि झाले ५ बाद २९. स्टेडियम चिडीचूप, आणि आमचे हे मास्तर न्यूझीलंडच्या एजाजसाठी घसा फोडून ओरडतायत. "अरे, मुंबईत जन्मलेला पोरगा आहे!" २०२१ मध्ये याच मैदानावर एजाजने डावातले दहाच्या दहा बळी घेतले होते, हेही त्याने आजूबाजूच्यांना ऐकवलं. पुढच्या रांगेतले काका वळून वळून बघत होते. भारत १२१ वर गारद, एजाजचे सामन्यात ११ बळी. परतताना दादर येईपर्यंत मित्राचा आवाज गेला होता. खरं सांगायचं तर आम्हा तिघांना जरा बरंच वाटलं.

बोलताना स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटतात, पुरुषांत सेकंदाला शंभरहून जास्त वेळा, बायकांत दोनशेच्या आसपास. ओरडताना हा मार जोराचा बसतो. पट्ट्यांना सूज येते, त्या जड होतात, आवाज घोगरा येतो. ओरडता ओरडता आवाज एकदम बंदच झाला तर आतली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. अशा वेळी पूर्ण मौन पाळा आणि लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गुळण्यांचं पाणी स्वरयंत्रापर्यंत पोहोचत नाही. साधं पाणी भरपूर प्या, वाफ घ्या. आणि कुजबुजू नका. त्यानेही ताण पडतो.

मित्र नेमका कुजबुजत शिकवत राहिला. तीन आठवडे उलटले तरी आवाज घोगराच. सिगारेट सोडून त्याला जेमतेम चार वर्षं झालेली, त्यामुळे त्याच्या बायकोच्या मनात काय आलं ते तिने बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं. माझ्याही मनात तेच होतं. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला की दुर्बिणीतून स्वरयंत्र बघायलाच हवं, तंबाखूची सवय असेल किंवा होती तर आणखी लवकर.

दुर्बिणीत दिसल्या दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर बारीक गाठी. कॅन्सर नव्हे, वर्षानुवर्षं चढ्या आवाजात शिकवल्याचे घट्टे. वानखेडेवर फक्त त्यांची भर पडली. ऑपरेशन लागलं नाही. स्पीच थेरपी चालू आहे, आणि वर्गात तो गळ्यात छोटा माइक अडकवतो.