इंटरनेट गेले तरी धीर सोडू नका

घरातील इंटरनेट ही आता श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचे प्रवेशपत्र, भरतीची जाहिरात, विजेचे बिल, सातबाराचा उतारा, हे सगळे आता त्या एका बारीक तारेतून घरात येते. पूर्वी आमचे वडील एका सहीसाठी दिवसाची मजुरी बुडवून कचेरीच्या पायरीवर बसून राहत. आता ती पायरी दिसत नाही, पण मुदत मात्र दिसते. आणि ऐन मुदतीच्या वेळी तार मुकी झाली, तर नुकसान कोणाचे होते? ज्याच्या घरी दुसरी सोय नाही, त्याचेच.

आमचे कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या शिवेवरचे गाव. १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले, ते मुंबईसारख्या महानगरांत. त्या वेळी आमचा हिंगोली जिल्हाच अस्तित्वात नव्हता. तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. आज त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' प्रयोगशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि सुमारे २६०० कोटी रुपयांचा खर्च! ज्या जिल्ह्यात असे यंत्र येणार, तेथील मुलामुलींनी घरातल्या एका डब्याला घाबरून कसे चालेल?

आमच्या घरी एक जुना संगणक आहे. तो आम्ही वापरलेला विकत घेतला. वस्तीतील मुलांचे अर्ज त्यावर भरले जातात. नोकरी कारकुनाची, त्यामुळे कागद नीट लावून ठेवायची सवय हाडात मुरलेली. अनेक घरांतील जातीचे दाखले, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले यांच्या प्रती त्यात एकेका कुटुंबाच्या नावाने ठेवलेल्या आहेत. कोणाच्या घरी पाणी शिरले, कोणाचा कागद उंदराने कुरतडला, तर तेवढी प्रत तरी शिल्लक असते.

गेल्या पावसाळ्यात दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी आली, संगणक सुरू झाला, पण इंटरनेट चालेना. शेजारच्या मुलाचा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि मुदतीला दोनच दिवस उरले होते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ही शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. तिच्या जोरावर किती घरांत पहिला पदवीधर झाला याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरात करावा. त्या मुलाची आई भांडी टाकून आली. "भाऊ, आता कसं व्हायचं?" एवढेच ती म्हणाली.

सकाळी संगणक आमच्या मुलीने सुरू केला होता. सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ आली आणि पुढे जाण्यासाठी एक कळ दाबायला सांगितली. ती तिने दाबली. झाले! जमलेल्या मंडळींना गुन्हेगार सापडला. "पोरीनं कायतरी दाबलं, म्हणून बिघडलं." मुलगी रडवेली झाली. एका दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला, तर उत्तर आले, "घेऊन या, फॉरमॅट मारावे लागेल." फॉरमॅट करणे म्हणजे संगणकातील सगळे पुसून पाटी कोरी करणे. म्हणजे इतक्या घरांचे कागदही गेले! अर्ज मोबाईलवर उघडत होता, पण जोडायच्या प्रती तर संगणकातच होत्या.

येथे आमचे वाणिज्य शाखेचे शिक्षण उपयोगी पडले. तेरीजपत्रक जुळले नाही तर हिशेबनीस वह्या फाडत नाही, की नवीन खतावणी लिहायला बसत नाही. आधी तो बेरजा तपासतो. मग फरकाची रक्कम पाहतो. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर कोठेतरी आकडे उलटे पडले असावेत, ४५ चे ५४ झाले असावेत असा संशय घेतो. फरकाच्या निम्मी रक्कम कोठे नावेऐवजी जमेला गेली आहे का, ते शोधतो. जवळून लांब, सोप्याकडून अवघडाकडे अशी ही रीत आहे. संगणकालाही हीच रीत लागू पडते. आमच्या गावाच्या नावातच नाका आहे. इंटरनेटचा निरोपही नाक्यानाक्यातून जातो: संगणक, मग भिंतीवरचा राउटर, मग कंपनीची तार, मग बाहेरचे जग. गाडी कोणत्या नाक्यावर अडली, एवढेच शोधायचे असते.

मुलीला वही-पेन घेऊन शेजारी बसवले आणि एकेक तपासणी लिहून काढायला सांगितली.

पहिला प्रश्न: इंटरनेट सगळ्या घराचे गेले की फक्त या यंत्राचे? मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करून तो घरच्या वायफायला जोडला. चालला! म्हणजे राउटर ठीक, कंपनीची तार ठीक, बिलही भरलेले. कंपनीला फोन करून तास दोन तास घालवण्याचे कारण उरले नाही.

दुसरी तपासणी: राउटरपासून संगणकापर्यंतची तार. दोन्ही टोकांची क्लिप काढून पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत बसवली. तारेच्या खोबणीजवळचा बारीक दिवा लुकलुकत होता. तार ठीक.

तिसरी तपासणी: संगणकाला पत्ता मिळाला आहे का? पत्त्यावाचून पोस्टमन टपाल कोठे टाकणार? विंडोजमध्ये 'सीएमडी' नावाची काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत लिहिला की पत्ता दिसतो. आमच्याकडे तो १९२.१६८ पासून सुरू होणारा होता. म्हणजे राउटरने पत्ता दिला होता. तोच १६९.२५४ पासून सुरू झाला असता, तर समजावे की राउटरकडून काही मिळाले नाही आणि यंत्राने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता लावून घेतला.

चौथी तपासणी: हाक मारून पाहणे. त्याच काळ्या खिडकीत 'पिंग' लिहून पुढे राउटरचा पत्ता दिला. उत्तर आले. मग ८.८.८.८ हा गुगलचा बाहेरचा पत्ता दिला. तेथूनही उत्तर आले. मग आकड्याऐवजी एका संकेतस्थळाचे नाव दिले, तेही ओळखले गेले. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, असे झाले तर नावांची यादी सांभाळणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, बिघडली असे धरावे.

आता काय म्हणावे? सगळे नाके मोकळे आणि तरी एकही पान उघडेना! पान उघडायला गेले की इंग्रजीत भलीमोठी सूचना येई आणि जो तो ती खिडकी बंद करून टाकी. आम्ही मुलीला म्हटले, "बंद करू नकोस. शेवटपर्यंत वाच. अडले तर शब्दकोश घे." तिने बोट ठेवून ओळ न ओळ वाचली आणि एकदम म्हणाली, "बाबा, हे घड्याळाचं काहीतरी म्हणतंय." मग सगळ्यांची नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गेली. तेथे तारीख होती १ जानेवारी २०१२!

घड्याळाचा आणि इंटरनेटचा काय संबंध, असे आपण म्हणाल. संबंध आहे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपल्या संगणकाला आधी ओळखपत्र दाखवते. उत्पन्नाच्या दाखल्यावर असते तशी त्या ओळखपत्रावर मुदत असते: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. आमचा संगणक समजत होता की आपण २०१२ मध्ये आहोत. त्याच्या हिशेबाने त्या ओळखपत्राची मुदत अजून सुरूच झाली नव्हती! पुढच्या तारखेचा कागद कोणता कारकून स्वीकारील? त्याने दार लावून घेतले. त्याचे काम त्याने चोख केले होते, फक्त त्याचे पंचांग चुकले होते.

ते चुकले कशाने? संगणकाच्या पोटात एक चपटी गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. तिचे मापच तिच्या नावात आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. वर्षानुवर्षे वापरून ती संपत आली होती आणि दोन दिवसांच्या अंधारात तिने मान टाकली. सकाळी काळ्या पडद्यावर आलेली ओळ हेच सांगत होती. मुलीने कळ दाबल्याने काही बिघडले नव्हते. जे आधीच बिघडले होते ते यंत्र तिला सांगत होते.

तारीख आणि वेळ दुरुस्त केली, आणि पान उघडले! अर्ज त्याच संध्याकाळी भरून झाला. दुसऱ्या दिवशी तीस रुपयांची बॅटरी आणली. बटण बंद करून, प्लग काढून, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून ती बसवली. जुनी बॅटरी मात्र लगेच मुलांच्या हाताबाहेर ठेवावी, ही माता-भगिनींना कळकळीची विनंती. लहान मुलाने अशी बॅटरी गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून भाजून जखम होऊ शकते. अशा वेळी घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठावा.

प्रत्येक वेळी दोष बॅटरीचाच असेल असे नाही. घरातील कोणाच्याही मोबाईलवर वायफाय चालत नसेल, तर राउटरचे दिवे पाहा. फायबरच्या यंत्रावर 'लॉस' लिहिलेला दिवा लाल झाला तर बाहेरून प्रकाश येत नाही असे समजा. कोठे खोदकामात तार तुटली असेल, कोठे उंदराने कुरतडली असेल, किंवा घरातच ती जास्त वाकली असेल. काचेची ती तार केसासारखी नाजूक असते. ती दुमडू नका आणि तिच्या टोकात डोळा लावून पाहू नका. असा दिवा लाल असेल तर कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. दिवे ठीक असतील, तर राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबून पुन्हा सुरू करा. पुष्कळदा तेवढेच पुरते. विजा कडाडत असतील तेव्हा मात्र प्लग काढून ठेवलेला बरा.

आणखी एक सावधगिरी. तक्रारीचा नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या पावतीवरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून कोणताही 'कस्टमर केअर' नंबर लावू नका. पलीकडचा माणूस एखादे ॲप उतरवायला सांगेल, तुमचा पडदा त्याच्याकडे दिसू लागेल आणि बँकेतील पैसे जातील. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

ज्ञान नसले की दोन गोष्टी होतात. खिसा रिकामा होतो आणि घरातल्या दुबळ्यावर आळ येतो. यंत्र बिघडले की पहिले बोट मुलीकडे किंवा सुनेकडे का जाते? ती यंत्राला हात लावते म्हणून? जो हात लावतो तोच शिकतो. हात लावल्याबद्दल ओरडा खाल्लेली मुलगी पुन्हा त्या खुर्चीवर बसत नाही, आणि मग अर्ज भरून घेण्यासाठी आपण दुसऱ्याच्या दारात पैसे मोजत उभे राहतो. जी मुलगी इंग्रजी सूचना शेवटपर्यंत वाचते, तिला उद्या कोणी सहज फसवू शकत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. संगणकाशेजारी एक वही बांधून ठेवा. पहिल्या पानावर तपासणीचा क्रम लिहा: सगळ्यांचे गेले की एकाचे, दिवे, तार, पत्ता, हाक, तारीख. पुढच्या पानांवर बिघाड कधी झाला आणि कशाने सुटला, ते लिहीत जा. महत्त्वाच्या कागदांच्या प्रती पेनड्राइव्हवरही ठेवा. आमच्या घरी त्या वहीत पहिली नोंद मुलीच्या अक्षरात आहे. आता वस्तीत कोणाचे इंटरनेट गेले की लोक तिलाच हाक मारतात, आणि ती वही काखेत मारून निघते.