सपाट पत्र्यातलं नरसाळं

शीट मेटलच्या शेडमध्ये आमच्या हाती आधी पुठ्ठा आला, पत्रा नंतर. परकार फिरवायचा, कातरायचं, वळवून नरसाळं करायचं आणि पुन्हा उलगडून बघायचं. या उलगडण्यातच सगळी विद्या आहे, असं मला आजही वाटतं. लोहार तापलेलं लोखंड ठोकत ठोकत आकाराला आणतो, सुतार जादा लाकूड काढून टाकतो. पत्र्याचं काम करणाऱ्याला मात्र कातर लावण्याआधीच पुरी वस्तू सपाट दिसावी लागते. शंकूचंच घ्या. तोंडाचा व्यास 20 सेंटिमीटर आणि तिरकी उंचीही 20 असेल, तर उलगडलेला पत्रा बरोबर अर्धवर्तुळ होतो! भूमितीच्या तासाला मान खाली घालून बसणारी पोरं हे पाहून हरखतात. नुसत्या अर्धवर्तुळावर अर्थात भागत नाही. घडीची शिवण 6 मिलिमीटरची असेल तर 18 मिलिमीटर पत्रा जादा धरायचा, आणि काठात 3 मिलिमीटरची तार गुंडाळायची तर तिथे साधारण साडेसात.

हात सावकाश शिकतो. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, 18 गेजहून 24 पातळ, हे डोक्यात लगेच बसतं; बोटांत बसायला वेळ लागतो. कातरलेल्या काठाची धार कानशीने मारली नाही तर तळहात चिरतो. लोखंडी हातोडा जिथे तिथे मारला तर पत्रा ताणतो, त्याला पोट येतं आणि आलेलं पोट सहजी जात नाही. म्हणून लाकडी मोगरी. ती किती हलक्या मनगटाने पडावी, हे जाणत्याच्या शेजारी उभं राहून, ठोक्याचा आवाज ऐकतच कळतं.

आता भोसरी-चाकणकडे लेसर पत्रा कापतो आणि उलगडा संगणक काढतो. चांगलंच आहे, बोटं वाचतात. तरी मशीनआधी काही महिने पोरांच्या हाती मोगरी द्यावी, असं मी कळकळीने म्हणतो. कारण वाकवलेला पत्रा दाब सुटताच थोडा मागे येतो. किती, ते त्याच्या जातीवर, जाडीवर आणि तो कोणत्या दिशेने लाटला आहे यावर ठरतं. 90 अंश हवे असतील तर थोडं पुढेच वाकवायला लागतं. नव्या गठ्ठ्यातला एक तुकडा वाकवून, गुण्या लावून पाहिल्याशिवाय बाकीच्या मालाला हात घालायचा नसतो.