आपल्या वावरात रेअर अर्थ हाय का?

आमच्याकडे जमिनीचा भाव तीन गोष्टींवर ठरतो: विहिरीला पाणी किती, रस्ता किती जवळ आणि माती किती काळी. गेल्या वर्षी त्यात चौथी गोष्ट शिरली, 'रेअर अर्थ'. एप्रिल २०२५मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. टीव्हीवर चर्चा झडल्या, गावाच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरू लागले आणि त्यांच्या मागोमाग जमिनीचे दलालही.

केळापूर तालुक्यात माझ्या मामाचं आठ एकर वावर आहे. त्याला एका दलालाने गाठलं. तुमच्या जमिनीखाली महागडं खनिज आहे, आज ना उद्या सरकार जमीन घेईल, मग मोबदल्यासाठी चकरा मारत बसाल, त्यापेक्षा आत्ताच इसार घ्या, असं त्याचं म्हणणं. भाव बाजारापेक्षा कमीच. मी नागपूरला भूशास्त्रात एमएस्सी करते, म्हणून मामाने फोन केला. "तूच सांग बाई. आपल्या वावरात थे रेअर अर्थ हाय का नाई?"

खरं उत्तर 'हो' असं होतं, आणि तिथेच पंचाईत होती.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं एकूण १७. नाव दुर्मिळ असलं तरी त्यांतलं सेरियम पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतकं आहे. निओडिमियमचं चुंबक तुमच्या फोनच्या स्पीकरमध्ये आणि फोन थरथरवणाऱ्या मोटरमध्ये असतं. मोठ्या पवनचक्क्यांना ते किलोंच्या हिशेबात लागतं. आमच्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, दळून तपासला तर टनामागे साधारण दहा ते तीस ग्रॅम निओडिमियम निघतं. गिट्टी खदानीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकमध्ये ते थोडं थोडं असतंच. १७पैकी १६ मूलद्रव्यं मामाच्या धुऱ्यावरच्या गोट्यांत आहेत. उरलेलं प्रोमेथियम किरणोत्सर्गी आहे, ते निसर्गात जवळजवळ टिकतच नाही.

मग खाण का नाही? कारण खनिज 'असणं' आणि 'साठा असणं' यांत फार अंतर आहे. आमच्या दगडात ही सगळी मूलद्रव्यं मिळून टनामागे शे-दीडशे ग्रॅम भरतात. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीच्या खनिजात टनामागे ५० किलोंहून जास्त ऑक्साइडं मिळतात. शे-दीडशे ग्रॅमसाठी टनभर काळा पाषाण फोडून, दळून, आम्लात विरघळवायचा, तर खर्च कोण करणार?

हा फरक का पडतो, ते समजायला एसटीच्या लाल डब्याकडे बघा. बाकं भरली की जागा न मिळालेले सगळे दाराशी दाटतात. शिलारस थंड होताना तसंच होतं. आधी तयार होणाऱ्या स्फटिकांच्या जाळीत दुर्मिळ मृदांचे मोठे अणू बसत नाहीत, म्हणून ते उरलेल्या द्रवात मागे राहतात. रस जमिनीखाली सावकाश थंड झाला, तर शेवटच्या थोड्याशा द्रवात ही गर्दी दाट होते. अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांपैकी फुएर्तेव्हेंतुरा हे ज्वालामुखी बेट आहे. तिथे कार्बोनाटाइट नावाचा, कार्बोनेटी शिलारसापासून बनलेला खडक आहे, आणि अशाच खडकांमुळे शास्त्रज्ञ बेटांवर दुर्मिळ मृदा शोधतात.

आमच्याकडे मात्र रसाला थांबायला वेळच मिळाला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो भेगांतून अफाट प्रमाणात वर आला, पसरला आणि थिजला. आजही हा दख्खनचा थर सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. झरी जामणी तालुक्यात शिबला-पारडीजवळ त्याचे षटकोनी खांब उघडे पडले आहेत. थिजताना आकसून तडे गेले की असे खांब होतात. त्याच बाजूला, वणीकडे, हा थर संपतो आणि त्याहून जुने खडक दिसतात, म्हणून तिथे कोळसा आणि चुनखडी निघते.

दख्खनच्या त्याच उद्रेकांच्या काळात गुजरातमधल्या छोटा उदेपूर जिल्ह्यात अंबाडुंगर इथे कार्बोनाटाइट तयार झाला. तिथे गर्दी दाट झाली. तिथलं फ्लोराइट आधीपासून काढलं जातं, आणि आता तिथल्या दुर्मिळ मृदांवर गुजरात खनिज विकास महामंडळाचं लक्ष आहे.

मला स्वतःला या शोधातली दुसरी बाजू जास्त आवडते. खाणीसाठी नगण्य असलेले हे ग्रॅम खडकाचं कूळ सांगतात. हलक्या आणि जड दुर्मिळ मृदांचं प्रमाण पाहून शिलारस किती खोलवर वितळला याचा अंदाज येतो, कारण खोलवरचं गार्नेट जड मृदा धरून ठेवतं. बहुतेक भूशास्त्रज्ञ दख्खनच्या लाव्ह्याचा संबंध हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखालच्या तप्त स्थळाशी जोडतात. भारत त्यावरून उत्तरेकडे सरकला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी माळ राहिली. रीयुनियनवरचा ज्वालामुखी अजून धगधगतो. एकोणिसाव्या शतकात मराठी मजूर ऊस तोडायला मॉरिशसला गेले. तिथल्या उसाच्या शेतांतून काढलेल्या काळ्या दगडांच्या राशी आजही दिसतात. आमच्या धुऱ्यावरच्या गोट्यांची ती भावंडंच.

हे सगळं ऐकून मामा म्हणाला, "म्हंजे हाय बी अन् नाई बी. मंग दलालाले काय सांगू?"

त्याचा प्रश्न माझ्या सगळ्या अभ्यासापेक्षा नेमका होता. खनिज 'आहे' म्हणणारा दलाल तसा खोटं बोलत नव्हता. फक्त 'किती' हा शब्द त्याने गाळला होता, आणि त्या एका शब्दावर मामाचं आठ एकर जाणार होतं.

यापुढे असे दलाल आणखी येतील, कारण शोध खरंच वाढणार आहे. जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी मिळाली आणि सरकारी खर्चासाठी १६,३०० कोटी ठरले. कोळशाच्या राखेत या मूलद्रव्यांचा शोध घेणारे प्रयोगही देशात चालू आहेत. वणीच्या कोळशामुळे ही गोष्ट कदाचित आमच्या जिल्ह्याच्याही जवळ येईल. तेव्हा कोणी वावरावर आलं, तर तीन प्रश्न विचारा. टनामागे किती ग्रॅम, आणि ते कोणत्या प्रयोगशाळेच्या अहवालात? कोणत्या खनिजात, म्हणजे ते वेगळं काढता येईल का? शोध कोणत्या पायरीवर आहे? सर्वेक्षण जी-४ या प्राथमिक पायरीपासून जी-१पर्यंत जातं. पुढे २०२३च्या कायदा-दुरुस्तीनुसार अशा २४ खनिजांच्या पट्ट्यांचा लिलाव केंद्र सरकार करतं. या सगळ्याला वर्षं लागतात, आणि यातला कुठलाच टप्पा चहाच्या टपरीवर इसार देऊन पार पडत नाही.

मामाने दलालाला पहिलाच प्रश्न विचारला. तो उत्तर आणतो म्हणून गेला. मामाने मृगाआधी कपाशीचं बियाणं आणून ठेवलं.