पोथी आणि नक्कल

इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्याने अष्टपादावर लिहावे, याचे काहींना हसू येईल. आमच्या मराठवाड्यातल्या गावापासून समुद्र शेकडो मैल दूर. अष्टपाद मी चित्रातच पाहिला आहे. तरीही ग्रंथालयात त्याच्याविषयी वाचल्यापासून तो मनातून जात नाही.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर डोळ्यांखाली निळे ठिपके असलेला एक अष्टपाद राहतो. २०१५ साली शिकागो विद्यापीठातील क्लिफ्टन रॅग्सडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची जनुकांची पोथी वाचून प्रसिद्ध केली. सुमारे २७० कोटी अक्षरे, ३३ हजारांवर जनुके! मज्जापेशींची जोडणी करणाऱ्या एका जातीची जनुकेच त्यात १६८ निघाली. सस्तन प्राण्यांच्या दुपटीहून अधिक. त्याचा आणि आपला वंश ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळा झाला. म्हणजे बुद्धी त्याच्याकडे निराळ्याच वाटेने आली.

अंडी राखताना मादी खाणे सोडते आणि पिले बाहेर येण्याच्या सुमारास मरते. पिलाला शिकवायला घरात कोणी नसते. कॉलेजच्या फॉर्मवर 'वडिलांचे शिक्षण' या रकान्यात मी रेघ ओढली होती, ती येथे आठवली. पण तुलना लगेच लंगडी पडते. मला बा आहे, माय आहे; मोंढ्यात पोती वाहूनच बाने माझी फी भरली.

खरे नवल पुढेच आहे. पेशी पोथीतला मजकूर थेट वापरीत नाही. आधी त्याची नक्कल काढते. त्या नकलेला आरएनए म्हणतात. अष्टपाद या नकलेतली अक्षरे बदलतो, मूळ पोथी तशीच ठेवतो. जोशुआ रोझेंथाल, एली आयझेनबर्ग आदींनी २०२३ साली दाखविले की, २२ अंशांच्या पाण्यातला अष्टपाद १३ अंशांत गेला की वीस हजारांहून अधिक ठिकाणी हे फेरफार कमीजास्त होतात, आणि तेही काही दिवसांत. पिढ्यान्‌पिढ्या थांबायला नको!

हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. वर्गात मी 'तू काय करतो आहेस' म्हणतो, एस. टी. तून गावात उतरलो की 'काय करायलास' म्हणतो. मूळ प्रत शाबूत आहे, असे मी स्वतःला बजावीत असतो.

मात्र या सोयीला किंमत आहे. नकलेत फेरफार करता यावा म्हणून पोथीतला आजूबाजूचा मजकूर जपावा लागतो. त्या जागी पोथी फार सावकाश बदलते, असे याच संशोधकांनी २०१७ साली मांडले. जपण्याचे हे काम अष्टपादाकडून आपोआप होते. आमच्या घरी ते कोण करणार? धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. ती माझी कॉलेजातली वाक्ये उचलते, 'करायलास' तोंडात आले की जीभ चावते. आता ती मायशीही पुस्तकासारखे बोलते, आणि माय चुलीपुढून दोनदा विचारते, "काय म्हन्लीस गं?"